कुलूपवालीचा सर्व्हर

आमचा गट बंद झाला तेव्हा मी एका जुन्या तिजोरीच्या पोटात कोपरापर्यंत हात घालून बसले होते. फोन वाजत होता, पण मी उचलला नाही. खटका बोटाच्या टोकाशी आला होता, आणि अशा वेळी घराला आग लागली तरी मी हात काढत नाही. तिजोरी उघडली, गिऱ्हाईक खूश होऊन गेलं, मग फोन बघते तर बेचाळीस निरोप. "गट दिसत नाही." "मला काढलंत का?" "बाई, काय केलंत हे?" जणू मीच सगळं बुडवलं होतं.

केलं होतं त्या मोठ्या साइटनं. नऊ वर्षं तिथं आम्हा कुलूपवाल्यांचा गट होता. गावोगावची साडेतीनशे माणसं, आणि देखभाल माझ्याकडे. कुणाचं कुलूप अडलं की त्यानं फोटो टाकायचा, दहा जणांनी अकरा उपाय सांगायचे. साइटच्या कुठल्यातरी यंत्राला वाटलं, ही चोरांची शाळा आहे. एका ओळीचं पत्र आलं: तुमचा गट चोरीला उत्तेजन देतो, सबब कायमचा बंद. मी चार अर्ज केले. चारही वेळा तेच पत्र आलं, स्वल्पविरामासकट. तिकडे खोट्या लॉटऱ्या विकणारे त्याच साइटवर मजेत होते. चोर सोडून संन्याशाला फाशी देतात ती अशी.

मी तापट आहे, हे आमच्या गल्लीत शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. दोन दिवस मी दुकानात भांडी आपटावीत तशी हत्यारं आपटली. पण खरं दुःख गटाचं नव्हतं, मास्तरांचं होतं.

मास्तर म्हणजे ज्यांनी मला हा धंदा शिकवला ते. वडील गेले तेव्हा मी एकोणीस वर्षांची. दुकान अंगावर पडलेलं, आणि किल्लीवरून किल्ली करण्यापलीकडे मला काही येत नव्हतं. शिकवा म्हणून चार जणांकडे गेले. पोरीच्या जातीला कुलूप उघडायला शिकवून काय घरं फोडायला लावायची, असं एकानं तोंडावर सांगितलं. मास्तरांनी मात्र एक गंजकं कुलूप माझ्या हातावर ठेवलं आणि म्हणाले, "संध्याकाळपर्यंत उघडलंस तर उद्या ये." मला तीन दिवस लागले. चौथ्या दिवशी ते उघडं कुलूप मी त्यांच्या टेबलावर आपटलं, तेव्हा ते पोट धरून हसले. म्हणाले, ही तर ठिणगी आहे. तेच नाव पडलं. पहिला धडाही त्याच दिवशी मिळाला: "ठिणगे, आधी बंद करायला शीक." पुढं ते काहीतरी म्हणत होते, पण मला हसले म्हणून मी रागानं निघून आले होते.

आता ते त्र्याऐंशीचे आहेत. दुसऱ्या गावात लेकीजवळ राहतात. लेक नर्स आहे. दहा वर्षांपूर्वी मास्तरांचे कान पूर्ण गेले, मशीन लावूनही काही ऐकू येत नाही. फोनवर बोलणं संपलं, फोनही त्यांनी देऊन टाकला. घरातही पाटी आणि खडू; स्वतःचा आवाज ऐकू येत नाही म्हणून तेही लिहूनच बोलतात. पण गेली तीन वर्षं रोज सकाळी नऊ वाजता ते एका कुलपाचं पोट, आतल्या लिव्हरच्या पट्ट्यांसकट, पेन्सिलीनं कागदावर काढायचे आणि त्याचा फोटो लेकीच्या कॉम्प्युटरवरून गटावर टाकायचे. वर लिहायचे, 'आजचं कुलूप', आणि खाली क्रमांक. मग दिवसभर त्यांच्याशी सगळे वाद घालायचे. त्यांचं सगळं बोलणं तेवढंच होतं. गट बंद झाला तेव्हा ते एक हजार एकशे बेचाळीसवर होते.

दहा दिवसांनी, एका शनिवारी, लेकीचा फोन आला.

"ताई, बाबा चित्र काढत नाहीत. सकाळी टेबलाशी जाऊन बसतात आणि तसेच बसून राहतात. काल पाटीवर लिहिलं, कुणाला दाखवू? आणि आज भंगारवाल्याला सांगून आले. पुढच्या रविवारी दहाला तो येणार. टेबल, शिकंजा, कानशी, चित्रांची खोकी, सगळं न्यायला."

"तू अडव की त्यांना."

"अडवलं. तर त्यांनी पाटीवर मोठ्या अक्षरांत 'रविवार' लिहिलं आणि पाटी माझ्या हातात दिली."

त्या टेबलाच्या डाव्या कडेला माझ्या कानशीचा पहिला ओरखडा आहे. मला रडू आलं, आणि रडू आलं की मला राग येतो. हातात आठ दिवस होते.

आमच्या दुकानासमोर घड्याळजीचं दुकान आहे. मी तावातावानं सगळं सांगितलं, तोवर तो डोळ्याला भिंग लावून एक चाक बसवत होता. चाक बसल्यावर म्हणाला, "बाई, तुम्ही दुसऱ्याच्या ओसरीवर बसला होता. त्यानं उठवलं. आता स्वतःचं घर बांधा. आम्ही घड्याळवाल्यांनी चार वर्षांपूर्वीच बांधलंय."

मग त्यानं समजावलं. आपल्याच दुकानात एक छोटा कॉम्प्युटर चोवीस तास चालू ठेवायचा, त्याला म्हणायचं सर्व्हर. त्यावर आपलं स्वतःचं समाजमाध्यम चालतं: नाव आपलं, नियम आपले, माणसं आपली. असे सर्व्हर जगभर हजारो आहेत, आणि एकावर लिहिलेलं दुसऱ्यावर पोचतं. घरं वेगवेगळी, गल्ली एक. सगळ्यांचा मिळून मालक कुणी नाही, त्यामुळे सगळ्यांना उठवणाराही कुणी नाही. आपला हात जगन्नाथ.

"मला जमेल?" मी विचारलं.

"तिजोऱ्या उघडता ना तुम्ही," तो म्हणाला, आणि दुसरं चाक उचललं.

माझ्या मदतीला आमचे हे. पस्तीस वर्षं दवाखान्यात कंपाउंडर होते, आता निवृत्त. कॉम्प्युटरमधलं त्यांना माझ्याइतकंच कळतं, म्हणजे शून्य. पण कागदावर लिहिलेलं जसंच्या तसं करणं हा त्यांचा हातखंडा आहे. त्यांनी सूचनांची शंभर पानं छापून आणली, चष्मा पुसला आणि म्हणाले, "मी वाचतो, तू टाक. मनाचं काही घालायचं नाही."

सोमवारी सेकंडहँड कॉम्प्युटर आणला, जेवणाच्या डब्याएवढा. मी तो वडिलांच्या तिजोरीत ठेवला. मोलाची वस्तू तिजोरीत ठेवायची नाही तर कुठं? वायरींपुरतं मागून भोक पाडलं, दार लावलं, दोनदा किल्ली फिरवली. दुपारी बघतो तर यंत्र तापून गप्प झालेलं. ह्यांनी हात लावून पाहिला, रोग्याच्या कपाळाला लावावा तसा. "ताप आहे," म्हणाले. "आजाऱ्याला पेटीत घालून झाकण लावलंस तू." शेवटी तिजोरीचं दार चार बोटं उघडं ठेवलं आणि आत छोटा पंखा बसवला. ते अर्धवट उघडं दार मला दिवसभर टोचत राहिलं.

मंगळवारी आणि बुधवारी आम्ही काळ्या पडद्यासमोर बसलो होतो. हे एक ओळ तीनदा वाचायचे, मी टाकायची, ते परत ताडून बघायचे. दोनदा मध्येच लाल अक्षरं आली आणि सगळं पुसून पहिल्यापासून करावं लागलं. दुसऱ्यांदा मी कीबोर्ड भिंतीवर मारणार होते, तर ह्यांनी तो हळूच काढून घेतला आणि चहा ठेवला. भांडायलासुद्धा हा माणूस कधी वेळेवर तयार नसतो.

गुरुवारी सकाळी अकराला पान उघडलं. वर आमच्या दुकानाचं नाव, खाली रिकामी जागा, आणि पत्त्याच्या शेजारी एवढंसं कुलपाचं चिन्ह. त्याचा अर्थ, येणारं-जाणारं सगळं सुरक्षित. जन्मभर मी लोकांच्या दारांना कुलपं बसवली, पण बोट न लावता बसवलेलं हे पहिलं. मी ह्यांना हाताला धरून दुकानभर फिरवलं. एक गिऱ्हाईक दारातूनच परत गेलं, जाऊ दे. ह्यांनी औषधाच्या बाटलीवर लावायचं लेबल काढलं, त्यावर लिहिलं, 'बॅकअप: दिवसातून एकदा, जेवणानंतर', आणि यंत्राला चिकटवलं.

मग मी माझं खरं काम सुरू केलं, ते म्हणजे कुलपं लावण्याचं. सर्व्हरच्या दारात एक पहारेकरी असतो, त्याला फायरवॉल म्हणतात. कुणाला आत सोडायचं ते त्याला सांगून ठेवायचं. ह्यांनी वाचलं, "पुढचे दार सर्वांसाठी खुले ठेवावे."

"सर्वांसाठी?" मी म्हटलं. "हे लिहिणाऱ्याच्या घरी कधी चोरी झालेली दिसत नाही."

"मनाचं घालू नकोस."

"औषध तुम्हाला कळतं, कुलूप मला. आधी बंद करायला शीक, असं मास्तर म्हणायचे."

ज्यांचे नंबर हाताशी होते त्या जुन्या सभासदांना मी फोन केले, प्रत्येकाच्या इंटरनेटचा आकडा, म्हणजे आयपी पत्ता, मागवला आणि तेवढेच आकडे पहारेकऱ्याला दिले. ज्याची किल्ली मी घडवली त्यालाच प्रवेश, बाकी जगाला दार बंद. ह्यांनी त्या पानावर पेन्सिलीनं बारीक प्रश्नचिन्ह काढलं आणि पान उलटलं.

संध्याकाळपर्यंत तेवीस जण आत आले. सर्वांत आधी हातोडा. त्याला कुलूप उघडण्यापेक्षा तोडण्यात जास्त रस असतो, म्हणून हे नाव. त्यानं लिहिलं, "घर छान आहे. दार तोडावं लागलं नाही याचं वाईट वाटतंय." मला इतकं बरं वाटलं की मी त्याच्या त्या फालतू विनोदाला हसले.

मास्तरांच्या लेकीला मी सर्व्हरचा पत्ता आणि माझं तिथलं नाव पाठवलं. बाबांना दाखव, त्यांची खोली तयार आहे, फक्त तुमच्या इंटरनेटचा आकडा कळव, असं लिहिलं. तासाभरानं उत्तर आलं. मास्तरांनी पाटीवर लिहिलं होतं: 'पुन्हा कुणाचा भाडेकरू होणार नाही. तिचाही नाही.'

मला ते झोंबलं. ज्यांच्यासाठी चार दिवस डोळे फोडले, ते मला त्या साइटच्या पंक्तीला बसवत होते. शुक्रवार मी घुश्शातच काढला. घड्याळजी समोरून म्हणाला, "काल आमच्या सर्व्हरवरून तुम्हाला शुभेच्छा पाठवल्यात. पोचल्या का?" मी म्हटलं, नाही. "पोचतील," तो म्हणाला, आणि मीही तो विषय डोक्यातून काढून टाकला. अक्कल गहाण पडली होती, दुसरं काय.

शनिवारी दुपारी लेकीचा फोन आला. आवाज दमलेला होता.

"ताई, तुमचं काही बिनसलंय का? बाबा परवापासून माझ्या जुन्या कॉम्प्युटरशी झटत होते, मला वाटलं चला, मन रमतंय. आणि आज पाटीवर लिहिलं, 'तिनं मला दार लावलं.' विचारलं तर पाटी पुसून टाकली."

"मी दार लावलं? मी त्यांच्यासाठी घर बांधलं, आणि नको कोण म्हणालं?"

"मला काही कळत नाही. उद्या सकाळची माझी ड्यूटी आहे. फोन दुपारपर्यंत कपाटात असतो. दहाला तो माणूस येणार, आणि बाबा एकटेच असणार."

फोन ठेवल्यावर मी ह्यांच्यावर ओरडले, कारण समोर तेच होते. ह्यांनी ओरडू दिलं. मग रविवारी सकाळी आठला, मी तोंड फुगवून दुकानात बसले असताना, ती छापील पानं घेऊन आले.

"रोग्याचा कागद बघितल्याशिवाय औषध बदलू नये," म्हणाले. "इथं लिहिलंय, पहारेकरी रोजची नोंद ठेवतो. कोण आलं, कुणाला परत पाठवलं. आपण ती एकदाही वाचली नाही."

नोंद उघडली आणि मी चाट पडले. हजारो ओळी. प्रत्येक ओळीत वेळ, आलेल्याचा आकडा, कुठलं दार, आणि पुढं एकच शेरा: परत पाठवलं. बरेचसे चोर होते, ते मी लगेच ओळखले. एका सेकंदात पुढचं दार, मागचं दार, खिडकी, माळा, सगळं ढकलून बघायचं आणि पुढच्या घरी पळायचं. त्यांना परत पाठवलं ते छानच झालं. पण एका आकड्यावर माझं बोट थांबलं.

तो शुक्रवारी अकराला पहिल्यांदा आला होता, आणि फक्त पुढच्या दाराशी. परत पाठवल्यावर पंधरा सेकंदांनी पुन्हा आला. मग अर्ध्या मिनिटानं. मग दीड मिनिटानं, पाच मिनिटांनी, दहा मिनिटांनी, अर्ध्या तासानं, तासानं, दोन तासांनी. शनिवारीसुद्धा. प्रत्येक वेळी पुढचंच दार, आणि प्रत्येक वेळी आधीपेक्षा जास्त थांबून.

"अहो," मी म्हटलं, "चोर असं ठोठावत नाही. चोराला घाई असते. हा ठोठावतोय, आतल्या माणसाला उठायला वेळ देतोय, आणि परत ठोठावतोय. हा पाहुणा आहे."

खाली तसेच आणखी दोन-तीन आकडे होते. त्यांतला एक घड्याळवाल्यांचा निघाला. आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला. माझ्या सभासदांना मी किल्ल्या दिल्या होत्या, पण दुसऱ्या घरांचं टपाल पुढच्या दारानंच येणार, आणि ते दार मी सगळ्या गल्लीला लावून ठेवलं होतं. घरं वेगवेगळी, गल्ली एक, या ज्या गोष्टीसाठी हा खटाटोप केला, तिचाच गळा मी दाबला होता. जगात दुसऱ्या कुणी ही चूक केली नसती, त्याला कुलूपवालीच लागते.

त्या आकड्यामागचं नाव शोधून काढलं आणि पत्ता टाकला. पान उघडलं. साधं पांढरं पान. वर लिहिलं होतं, 'मास्तर'. खाली, 'सभासद: एक'.

शुक्रवारचं चित्र होतं, क्रमांक एक हजार एकशे त्रेचाळीस. त्याबरोबर माझ्या नावानं लिहिलेलं: "ठिणगे, भाडेकरू होणार नाही म्हणालो होतो. घर बांधणार नाही असं म्हणालो नव्हतो. बांधलं. दार उघड." शनिवारचं चित्र, एक हजार एकशे चव्वेचाळीस: "कालपासून ठोठावतोय." आणि त्या दिवशी सकाळी सातचं, चित्राशिवाय: "बरं. समजलो."

त्र्याऐंशी वर्षांच्या बहिऱ्या माणसानं, एकट्यानं, एका दिवसात सर्व्हर उभा केला होता. आम्हा दोघांना चार लागले. मला अभिमान वाटला आणि स्वतःची इतकी लाज वाटली की टेबलाखाली शिरावंसं वाटलं. आणि त्याच वेळी ते जुनं वाक्य पूर्ण ऐकू आलं. मी रागानं पायऱ्या उतरत होते आणि मागून ते म्हणत होते, "आधी बंद करायला शीक, मग उघडायला." अर्धा धडा घेऊन मी इतकी वर्षं धंदा केला होता.

"वाचा," मी ह्यांना म्हटलं. "मनाचं काही घालत नाही."

त्यांनी प्रश्नचिन्हाचं पान काढलं, एकच ओळ तीनदा वाचली आणि मी ती टाकली. पुढचं दार सर्वांसाठी खुलं. मागचं दार, खिडक्या, माळा, कडेकोट बंद. मग मी मास्तरांना लिहिलं: "दार मीच लावून बसले होते, चुकून, सगळ्या जगाला. आता उघडलंय. टेबल देऊ नका. मी मूर्ख आहे." नऊ वाजून वीस मिनिटं झाली होती.

उत्तर आलं नाही. साडेनऊ झाले. घड्याळवाल्यांच्या तीन दिवस अडकलेल्या शुभेच्छा धडाधड आत आल्या, कुठल्यातरी सुतारांच्या घरातून नमस्कार आला, आमचे तेवीस जण विचारू लागले की ही पाहुणेमंडळी कोण. एरवी मी नाचले असते. पण माझं लक्ष एकाच नावाकडे होतं. पावणेदहा. दहा. आता भंगारवाला दारात असेल. आता शिकंजा काढत असेल, त्याचा उजवा बोल्ट अडतो, त्याला पाच मिनिटं लागतील. सव्वादहा. आता खोकी. मी ह्यांचा हात धरून ठेवला होता. त्यांनी एकदाही घड्याळाकडे पाहिलं नाही, माझ्यासाठी.

दहा चाळीसला पडद्यावर एक चित्र आलं.

पेन्सिलीचं, घाईत काढलेलं, कोपऱ्यात गंजाच्या बोटाचा ठसा. "आजचं कुलूप, क्रमांक एक हजार एकशे पंचेचाळीस. भंगारवाल्याच्या गाडीवर सापडलं. तो टेबल न्यायला आला होता, हे देऊन गेला. उशीर झाला, कारण ठेवायला टेबलावर जागा करावी लागली. यातला चौथा लिव्हर कुणीतरी उलटा बसवलाय. ओळखा कसा."

मी तिथंच रडले, आणि या खेपेला राग आला नाही. ह्यांनी चष्मा काढून पुसला, जरा जास्तच वेळ. हातोड्यानं पहिलं उत्तर टाकलंसुद्धा, "तोडून बघतो". सुतारांच्या घरातल्या कुणीतरी विचारलं की असं चित्र रोज येतं का. तेवीस जण एकदम सांगायला लागले की हो, येतं, रोज, सकाळी नऊला.

मी डोळे पुसले आणि चित्र मोठं करून पाहिलं. परत पाहिलं. मग लिहिलं, "मास्तर, चौथा नाही. तिसरा उलटा आहे."

या वेळी उत्तराला मिनिटही लागलं नाही.

"संध्याकाळपर्यंत सिद्ध केलंस तर उद्या ये."